वाघ, शेळी आणि सकाळची गोळी

"डॉक्टरसाहेब, आईसाठी कोड्यांचं एखादं चांगलं पुस्तक सुचवा. हल्ली फार विसरायला लागली आहे. मेंदूला व्यायाम हवा म्हणतात ना!"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी असते, शेजारी खुर्चीवर आई किंवा वडील अपराध्यासारखे बसलेले असतात. जाहिरातींनी आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी लोकांच्या मनात एक समजूत पक्की केली आहे की, रोज एक कोडे सोडवले की स्मरणशक्ती शाबूत राहते. जणू कोडे हे डोक्याचे च्यवनप्राश! वाचकहो, या समजुतीविषयी आज थोडे परखड लिहायचे आहे. कोड्यांचा मी शत्रू नाही, उलट लहानपणापासूनचा मित्र आहे. पण कोड्याची खरी कमाई कोणती, हे मला एका पेशंटने आणि तिच्या नातवाने शिकवले. त्यात माझीही एक चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

तळहातावरच्या पाच गोळ्या

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. वरचा प्रश्न विचारणारे गृहस्थ आमच्याच गावचे, छोटे किराणा दुकान चालवणारे. आई अडुसष्ट वर्षांची. मी त्यांना मावशी म्हणतो, कारण दवाखाना नवा होता तेव्हापासून त्या येतात. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असे तीन पाहुणे त्यांच्या घरी कायमचे मुक्कामाला. थायरॉइडची ग्रंथी मंद, म्हणून रोज एक गोळी. गेले वर्षभर त्यांचा रक्ताचा रिपोर्ट काही केल्या सुधारत नव्हता. टीएसएच नावाची तपासणी साधारण चारच्या आत हवी, ती अकराच्या खाली येईना. मी ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ केली, मग १०० केली. तरी तेच. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, बोलण्यात मंदपणा आणि आता हे विसरणे.

थायरॉइड मंद असेल तर विचारही मंदावतात, गोष्टी आठवायला वेळ लागतो. म्हणजे मुलगा ज्यासाठी कोड्यांचे पुस्तक मागत होता, त्याचे एक कारण माझ्याच केसपेपरवर लिहिलेले होते.

मी मावशींना विचारले, "गोळी उपाशीपोटीच घेता ना?"

"हो तर! सकाळी उठल्या उठल्या. चहाबरोबर."

"चहाबरोबर?"

"मग काय? चहा म्हणजे काय खाणं आहे का? उपासालासुद्धा चहा चालतो!"

मी गप्प झालो. मावशींचे काहीच चुकले नव्हते. आमच्याकडे एकादशीला चहा चालतो, मग उपाशीपोटी का चालू नये? 'उपाशीपोटी' हा शब्द मी शेकडो चिठ्ठ्यांवर लिहिला, पण समोरच्या माणसाच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे कधी विचारले नव्हते. दुधाच्या चहाबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही.

पण गोष्ट इथेच संपली नाही. गुडघेदुखीसाठी शहरातल्या एका डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिले होते. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू होती. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी मी दिलेली. या सगळ्यांवर 'सकाळी' असा शब्द कुठे ना कुठे होता. मावशी पाचही गोळ्या एकदम तळहातावर घेऊन चहाच्या एका घोटात गिळत होत्या. कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. तेव्हा मी डोस वाढवत होतो तो बराचसा वाया जात होता.

नातवाचा तक्ता

मुलाबरोबर त्यांचा नातूही आला होता. बँकेच्या परीक्षांची तयारी करणारा, वीस-बावीस वर्षांचा. या परीक्षांत 'बैठक व्यवस्था' नावाची कोडी असतात हे अनेक पालकांना ठाऊक असेल. आठ माणसे गोल टेबलाभोवती बसली आहेत, अमुक तमुकच्या डावीकडे दुसरा आहे, डॉक्टर वकिलाच्या शेजारी नाही, तर निळा शर्ट कोणाचा? घरात त्यावरून वाद होता. वडील म्हणत, "दिवसभर कोडी सोडवून पोट भरतं का?"

मी बडबडत नियम सांगत होतो आणि मुलगा मान डोलावत होता. खरे तर चौथ्या नियमालाच त्याचे लक्ष उडाले होते. नातू मात्र म्हणाला, "काका, थांबा. हे कोडंच आहे. मला एक कागद द्या." त्याने कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. डावीकडे गोळ्या, वर दिवसाच्या वेळा. आणि मला म्हणाला, "आता फक्त नियम सांगा. उत्तर सांगू नका."

मी नियम सांगितले ते असे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम जेवणानंतर, पण थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास लांब. लोहही तिच्यापासून चार तास लांब, शिवाय कॅल्शियमबरोबर नको आणि चहाबरोबरही नको. मेटफॉर्मिन दोनदा, खाण्याबरोबर. रक्तदाबाची त्यांची गोळी केव्हाही चालेल, पण रोज एकाच वेळी.

पोरगा फुल्या मारत सुटला. ज्या वेळेला जी गोळी चालत नाही तिथे फुली. मी पाहात होतो. त्याने सुरुवात रक्तदाबाच्या गोळीपासून केली नाही, कारण ती कुठेही बसते. सुरुवात केली सगळ्यात अडेलतट्टू गोळीपासून, म्हणजे थायरॉइडपासून. तिला एकच जागा होती, पहाटेची. ती बसल्यावर सकाळी दहापर्यंतच्या सगळ्या वेळांवर कॅल्शियम आणि लोहाच्या फुल्या आपोआप पडल्या. कॅल्शियम गेले दुपारच्या जेवणानंतर. मग लोहाला दुपार बंद झाली, चारचा चहा टाळायचा, म्हणून ते साडेपाचला. मेटफॉर्मिन सकाळच्या नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. रक्तदाबाची गोळी सगळ्यात शेवटी, नाश्त्याच्या वेळेला, कारण ती लक्षात ठेवायला सोपी.

जे पक्के आहे ते आधी बसवायचे आणि जे सैल आहे ते शेवटी, ही या कोड्यांची पहिली रीत. आम्ही डॉक्टर उलट करतो. जे सोपे ते आधी लिहून टाकतो.

मला आणखी एक उत्तर सुचले होते. थायरॉइडची गोळी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. पण मावशी साडेआठला जेवतात आणि नऊला आडव्या होतात, तेव्हा त्यावर त्यांनीच फुली मारली. परीक्षेतल्या कोड्याला एकच उत्तर असते. घरातल्या कोड्याला कधी दोन असतात आणि त्यातले कोणते पेलेल हे ज्याला गोळ्या घ्यायच्या त्यानेच ठरवायचे असते. पहाटेच्या चहाची घासाघीस बराच वेळ चालली. शेवटी गोळीनंतर पाऊण तासाने चहा, अशी तडजोड झाली.

शेळी परत आणावी लागते

वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे कोडे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकले असेल. नावाड्याला तिघांना पलीकडे न्यायचे आहे, होडीत एका वेळी एकच मावतो. तो जवळ नसेल तर वाघ शेळीला खातो आणि शेळी गवत खाते. हे कोडे फार जुने आहे. युरोपात इसवी सन ८०० च्या सुमाराच्या, अल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात ते लांडगा, शेळी आणि कोबी अशा रूपात सापडते. बाराशे वर्षे माणसे त्यावर डोके खाजवत आहेत.

यात माणूस नेमका कुठे अडतो? पहिली खेप सोपी, शेळी न्यायची. मग वाघ नेला तर पलीकडे तो शेळीला खाणार. गवत नेले तर शेळी ते खाणार. इथे बहुतेक जण हात टेकतात. कारण मनात एक नियम आपण गुपचूप घालून घेतलेला असतो: एकदा पलीकडे नेलेले परत आणायचे नाही. हा नियम कोड्यात कुठेही नाही! वाघ नेऊन येताना शेळीला परत आणायचे, गवत न्यायचे आणि शेवटी पुन्हा शेळी. सात खेपांत काम फत्ते.

मला हे कोडे त्या दिवशी का आठवले? गोळ्यांच्या वेळा सुधारल्या म्हणजे आता थायरॉइडची गोळी पूर्ण लागू पडणार. मग मी वर्षभरात वाढवत नेलेला डोस तिला जास्त होणार. जास्त झाला तर धडधड, घाम, वजन घटणे, आणि या वयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका. तेव्हा मला माझी शेळी परत आणणे भाग होते. मी १०० ची गोळी त्याच दिवशी ७५ केली. या गोळीचा परिणाम रक्तात स्थिरावायला दीड महिना लागतो. दीड महिन्याने तपासले तर टीएसएच आता उलट फार खाली गेले होते. मग पुन्हा ५०. त्यानंतरच्या तपासणीत ते २.८ आले. म्हणजे पहिल्या दिवशीचाच डोस बरोबर होता. चुकले होते ते माझे गृहीत.

दिलेली औषधे वाढवणे सोपे असते. दिलेले औषध कमी करायला आपलीच आधीची खेप चुकली असे कबूल करावे लागते. डॉक्टरला ते जड जाते, आणि पेशंटलाही वाटते की डॉक्टरांना नक्की काय ते कळत नाही. पण शेळी परत आणल्याशिवाय सगळे पलीकडे पोचत नाहीत.

मावशींचे विसरणे पूर्ण गेले का? नाही. नावे अजून निसटतात. पण दुकानाचा हिशेब त्या पुन्हा तोंडी सांगू लागल्या, आणि दिवसा पेंगणे थांबले.

मग मेंदूच्या व्यायामाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोडी सोडवून स्मृतिभ्रंश टळतो का?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला स्मरणाचा सराव दिला, एकाला क्रम ओळखण्याच्या तर्काचा, एकाला नजरेने चटकन टिपण्याच्या वेगाचा, आणि एका गटाला काहीच नाही. ज्याने ज्याचा सराव केला, त्यात तो सुधारला. पण तर्काचा सराव केलेल्याची स्मरणशक्ती त्यामुळे वाढली, असे दिसले नाही. तर्काच्या सरावाचा काही फायदा त्याच कामात दहा वर्षांनीही टिकून होता, ही गोष्ट मात्र कौतुकाची. वेगाच्या सरावाविषयी पुढे काही आशादायक गोष्टी दिसल्या, पण तो संगणकावरचा निराळाच सराव होता. तर्काच्या कोड्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. तिथेही तेच दिसले. खेळलेल्या खेळात प्रगती, बाकीच्या बुद्धीत फारसा फरक नाही. थोडक्यात, विहिरीत पोहून पोहणे येते, सायकल येत नाही.

उलट, ज्या गोष्टींनी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो त्यांची यादी वैद्यकशास्त्राकडे आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने अशी चौदा कारणे सांगितली. ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, लठ्ठपणा, बैठे आयुष्य, डोक्याला मार, ऐकू कमी येणे, उपचार न केलेली कमी दृष्टी, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण आणि हवेचे प्रदूषण आहे. कोड्यांचे पुस्तक या यादीत नाही. कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे!

म्हणून माझे स्पष्ट मत सांगतो. घरात कोणी विसरू लागले तर आधी पुस्तकाच्या दुकानात जाऊ नका, आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, नैराश्य, कान, डोळे, झोप आणि चालू असलेली औषधे हे सगळे तपासून घ्या. यातली बरीच कारणे सुधारता येतात. आणि कृपा करून पाहुण्यांसमोर वडिलांना "सांगा बरं, आज वार कोणता?" असे विचारू नका. कोडे हा खेळ आहे, ती उलटतपासणी नव्हे. ज्याला खरोखर आठवत नाही त्याला रोज नापास करण्यात काय पुरुषार्थ?

कोडी सोडवायला आवडत असतील तर जरूर सोडवा. नातवाबरोबर बसून सोडवलीत तर उत्तमच, कारण मग एकटेपणाही जातो. परीक्षेच्या तयारीतल्या मुलांना मात्र एवढेच सांगतो, एकच कोडे रात्री दोनपर्यंत धरून बसू नका. झोपेविना डोके नियम विसरते आणि गृहीतांवर चालू लागते. अडलेले कोडे सकाळी बहुधा सुटते.

घरी करून पाहा

मग कोड्यांची खरी कमाई कोणती? माझ्या मते दोन सवयी. पहिली, डोक्यात न ठेवता कागदावर मांडणे. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की, माणूस एका वेळी सातच्या आसपास गोष्टी मनात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. पाच गोळ्या आणि त्यांचे सात-आठ नियम यात कसे मावणार? तेव्हा मावशींना विसरभोळे ठरवण्याआधी आपण त्यांच्यावर किती ओझे टाकले ते पाहावे.

दुसरी सवय त्याहून मोठी आहे. 'दिलेले काय' आणि 'मी गृहीत धरलेले काय' हे वेगळे ओळखणे. मावशींनी चहा उपाशीपोटी चालतो असे गृहीत धरले. मी, त्या गोळी पाण्याबरोबर घेतात असे गृहीत धरले. दोघांनीही एकमेकांना विचारले नाही आणि वर्ष गेले.

येत्या रविवारी एक काम करा. घरातल्या मोठ्यांच्या सगळ्या गोळ्या, सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा एका ताटात काढा. नातवाला किंवा नातीला तक्ता आखायला सांगा. मग तो तक्ता घेऊन आपल्या डॉक्टरकडे किंवा औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टकडे जा आणि नियम विचारा. स्वतःच्या मनाने वेळ किंवा डोस बदलू नका, गोळी बंद तर मुळीच करू नका. तक्ता तुमचा, नियम डॉक्टरचे. आणि डॉक्टर घाईत असेल तर त्याला हा लेख दाखवा, माझ्या नावावर खपवा.

जाता जाता एक कोडे. दवाखान्यात पाच जणांचे एक ते पाच नंबर लागले आहेत: शिक्षक, शेतकरी, शिंपी, पोस्टमन आणि विद्यार्थी. शिक्षकाचा नंबर तिसरा. शिंप्याचा नंबर पहिलाही नाही, शेवटचाही नाही. शेतकऱ्याचा नंबर शिंप्याच्या लगेच आधी. पोस्टमनचा नंबर शिक्षकाच्या लगेच आधीही नाही आणि लगेच नंतरही नाही. तर विद्यार्थ्याचा नंबर कितवा?

शिंपी दुसरा किंवा चौथा. चौथा असता तर शेतकरी तिसरा हवा, पण तिथे शिक्षक आहे. म्हणून शेतकरी पहिला, शिंपी दुसरा. उरले चौथा आणि पाचवा. पोस्टमन शिक्षकाला लागून नाही, म्हणून तो पाचवा, आणि विद्यार्थी चौथा.

आता गंमत पाहा. शेतकऱ्याच्या नियमातला 'लगेच' हा एक शब्द काढून टाका. एकाऐवजी चार उत्तरे निघतील, मांडून पाहा. एका शब्दाने एवढा फरक पडतो! पुढच्या वेळी तुमच्या चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' किंवा 'जेवणाआधी' असा शब्द दिसला की डॉक्टरला थांबवा आणि विचारा, "म्हणजे नक्की केव्हा? आणि चहाचं काय?"